इन्शुलिन आणि ताटांतील पिष्ट

प्रौढ मनुष्याच्या शरीरांत सुमारें पांच लिटर रक्त खेळत असतें. प्रकृति निरोगी असेल तर उपाशीपोटीं या सगळ्या रक्तांत मिळून जी साखर असते ती अवघी पांच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक लहान चमचा भरेल इतकी. हा आंकडा प्रथम ऐकणारास खरा वाटत नाहीं, कारण पुष्कळ घरांत सकाळच्या चहाच्या एका पेल्यांतच याहून अधिक साखर पडते. पण हिशेब शाळेंतील मुलासहि करतां येण्याजोगा आहे. दर डेसिलिटर रक्तांत १०० मिलिग्रॅम साखर, म्हणजे लिटरास एक ग्रॅम. पांच लिटरांस पांच ग्रॅम. या एका चमच्याचा तोल शरीर रात्रंदिवस सांभाळीत असतें. दुपारच्या जेवणांत १०० ग्रॅम पिष्ट पोटांत गेलें, तर त्यापासून होणारी साखर, म्हणजे रक्तांतील एकूण साखरेच्या वीसपट साखर, कांहीं तासांत आंतड्यांतून रक्तांत उतरते. आणि तरीहि निरोगी माणसाच्या रक्तांतील प्रमाण १४० मिलिग्रॅमच्या पलीकडे क्वचितच जातें.

ही किमया स्वादुपिंडांतून स्रवणाऱ्या इन्शुलिन नांवाच्या द्रव्याची. स्वादुपिंडांतील विशिष्ट पेशी रक्तांतील साखर क्षणोक्षणीं अजमावतात आणि लागेल तितकेंच इन्शुलिन लागेल त्या क्षणीं सोडतात. मधुमेहाच्या पहिल्या प्रकारांत, जो बहुधा बालपणीं किंवा तारुण्यांत जडतो, या पेशी नष्ट होतात आणि बाहेरून इन्शुलिन घेतल्यावांचून जगणें शक्य नसतें. दुसऱ्या प्रकारांत, जो आपल्याकडे घरोघर आढळतो, इन्शुलिन असतें पण शरीर त्यास दाद देईनासें होतें. पुढें वर्षांमागून वर्षें गेलीं कीं स्वादुपिंडहि थकतें आणि कित्येकांना सुई धरावी लागते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्यानें झालेल्या देशव्यापी पाहणीचे आंकडे २०२३ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांत भारतांतील मधुमेह्यांची संख्या १० कोटींच्या वर अंदाजण्यांत आली आहे. तेव्हां ज्या घरांत हा विषय निघत नाहीं असें घर शहरांत तरी विरळाच.

सुईनें टोचलेलें इन्शुलिन आणि स्वादुपिंडानें सोडलेलें इन्शुलिन यांत मोठें अंतर आहे. टोचलेल्या इन्शुलिनास डोळे नाहींत. तें त्वचेखालच्या चरबींत पडतें, तेथून आपल्या गतीनें रक्तांत शिरतें, आणि रक्तांत साखर पुरेशी असो वा नसो, आपलें काम पुरें केल्यावांचून राहत नाहीं. म्हणून इन्शुलिन घेणाराच्या बाबतींत जेवण एका पारड्यांत आणि सुई दुसऱ्या पारड्यांत, अशी स्थिति होते. सुई उणी पडली तर साखर चढते. अधिक झाली तर उतरते. आणि उतरणें हें चढण्यापेक्षां फार त्वरेनें जिवावर बेततें. या दोहोंपैकीं अन्नाचें पारडेंच हलकें ठेवावें, म्हणजे समोरच्या पारड्यांतहि थोडेंच घालावें लागेल, असा एक विचार गेल्या पन्नास वर्षांत पुन्हां पुढें आला आहे. त्यांत तथ्य किती, धोके कोणते, आणि भात-पोळीच्या ताटांत तो कसा बसावा, हें पाहण्याजोगें आहे.

"पुन्हां" हा शब्द येथें मुद्दाम घातला आहे. कमी पिष्टाचा आहार ही कांहीं नवी टूम नव्हे. इन्शुलिन सांपडण्यापूर्वीं मधुमेहावर पथ्यावांचून दुसरा उपायच नव्हता. जॉन रोलो या ब्रिटिश लष्करी वैद्यानें मांसप्रधान आहारावर ठेवलेल्या एका सैनिकी अधिकाऱ्याची हकीगत १७९७ सालीं प्रसिद्ध केली. पुढें विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत अमेरिकेंतील डॉक्टर फ्रेडरिक ॲलन यांनीं पथ्य उपासमारीच्या टोकापर्यंत नेलें. पिष्टच नव्हे, तर एकंदर अन्नच इतकें तोडावयाचें कीं लघवींतून साखर जाणें थांबावें. या उपचाराखालीं राहिलेली एक मुलगी इतिहासांत नोंदली गेली आहे. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांची ही कन्या एलिझाबेथ. १९१९ सालीं, वयाच्या अकराव्या वर्षीं तिला मधुमेह जडला. १९२२ च्या ऑगस्टांत ती टोरोंटोस डॉक्टर बॅंटिंग यांच्याकडे नेण्यांत आली तेव्हां पंधरावें वर्ष पुरें होत आलेल्या त्या मुलीचें वजन ४५ पौंड, म्हणजे जेमतेम २० किलो, उरलें होतें. त्याच वर्षीं जानेवारींत टोरोंटोच्या रुग्णालयांत लेनर्ड टॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलास इन्शुलिनचें पहिलें इंजेक्शन देण्यांत आलें होतें. एलिझाबेथला इन्शुलिन मिळालें. ती वाढली, शिकली, तिनें संसार केला, आणि १९८१ सालीं वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षीं ती वारली.

या हकीगतींतून दोन गोष्टी दिसतात. पथ्यानें तिला तीन वर्षें तगविलें, कारण पथ्य नसतें तर ती इन्शुलिनपर्यंत पोंचलीच नसती. पण पथ्यानें तिला बरें केलें नाहीं, वांचविलें तें इन्शुलिननें. पहिल्या प्रकारच्या मधुमेहांत आहार कितीहि कडक असला तरी तो इन्शुलिनची जागा घेऊं शकत नाहीं. "अमुक रस घ्या आणि सुई सोडा" असें सांगणारे लोक आजहि भेटतात. त्यांचें ऐकून कोवळीं मुलें दगावतात, आणि अशा सल्ल्यास अज्ञान हा शब्द फार सौम्य आहे.

इन्शुलिन हातीं आल्यावर वैद्यांस जणूं हायसें वाटलें. आतां रोग्यास जेवूं घालतां येऊं लागलें, आणि हळूहळू पथ्यांतील पिष्टाचा वांटा वाढत गेला. पुढें तेल-तुपानें हृदय बिघडतें ही भीति बळावली, तेव्हां तर धान्यांस मोकळीकच मिळाली. त्या काळीं साखर मोजण्याचें घरगुती साधन एकच, लघवीची परीक्षा. पण रक्तांतील साखर १८० च्या आसपास चढल्यावांचून ती लघवींत उतरतच नाहीं, आणि लघवी सांगते ती कांहीं तासांपूर्वींची गोष्ट. रोगी चालत होता, पण डोळे बांधून.

हे डोळे ज्यानें प्रथम स्वतःच्या घरीं उघडले तो डॉक्टर नव्हता, अभियंता होता. न्यूयॉर्क शहरांतील ब्रुकलिन भागांत १९३४ सालीं जन्मलेल्या रिचर्ड बर्नस्टाइन यांस बाराव्या वर्षीं, १९४६ सालीं, पहिल्या प्रकारचा मधुमेह जडला. त्या काळच्या उपदेशाप्रमाणें ते भरपूर पिष्ट खात आणि त्यासाठीं भरपूर इन्शुलिन टोचीत राहिले. तिशींतच त्यांच्या लघवींतून प्रथिनें जाऊं लागलीं, म्हणजे मूत्रपिंडें बिघडूं लागलीं. १९६९ सालीं एका जाहिरातींत त्यांनीं एका नव्या यंत्राविषयीं वाचलें. बोटांतील रक्ताच्या थेंबावरून तें मिनिटभरांत साखरेचें प्रमाण दाखवी. वजन तीन पौंड आणि किंमत ६५० डॉलर. रात्रीं रुग्णालयाची प्रयोगशाळा बंद असतांना बेशुद्ध स्थितींत आणलेला मनुष्य दारू प्यालेला आहे कीं मधुमेहानें पडला आहे, हें ओळखण्याकरितां तें केलेलें होतें, आणि डॉक्टर व रुग्णालयें यांवांचून इतरांस तें विकत मिळत नसे. बर्नस्टाइन यांची पत्नी डॉक्टर होती; तिच्या नांवावर यंत्र मागविण्यांत आलें.

यंत्रानें दाखविलें तें भयंकर होतें. एकाच दिवसांत साखर ४० च्या खालीं जाई आणि ४०० च्या वरहि चढे. त्यांनीं अभियंत्याची रीत धरली: एका वेळीं एकच गोष्ट बदलावयाची आणि परिणाम वहींत टिपावयाचा. त्यांतून त्यांना स्वतःच्या शरीराचे नियम सांपडले. एक ग्रॅम पिष्ट खाल्लें कीं त्यांची साखर सुमारें ५ मिलिग्रॅमनें चढे. येथें हिशेबी वाचक अडखळेल. पांच लिटर रक्तांत एक ग्रॅम साखर मिसळली तर प्रमाण २० नें चढावयास हवें, ५ नें कसें? याचें उत्तर असें कीं साखर रक्तांतच कोंडून राहत नाहीं. पेशींच्या भोंवतालच्या द्रवांतहि ती पसरते, आणि तो द्रव रक्ताच्या दुपटीहून अधिक भरतो. शिवाय कांहीं साखर वाटेंतच खर्चीं पडते. शरीर जितकें मोठें तितका हा चढ कमी, म्हणून लहान मुलाच्या बाबतींत तोच एक ग्रॅम अधिक चढ देतो.

बर्नस्टाइन यांनीं आपले अनुभव लिहून वैद्यकीय नियतकालिकांकडे पाठविले ते परत आले. घरीं बसून रोग्यानें स्वतःची साखर मोजावी ही कल्पनाच तेव्हां पुष्कळांस रुचेना. मग या गृहस्थानें १९७९ सालीं, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षीं, वैद्यकीय महाविद्यालयांत नांव घातलें, डॉक्टर होऊन धंदा मांडला, आणि १९९७ सालीं "डायबेटिस सोल्यूशन" हा ग्रंथ लिहिला. २०२५ च्या एप्रिलांत ते नव्वदाव्या वर्षीं वारले. पाऊणशेंहून अधिक वर्षें त्यांनीं या रोगाबरोबर काढलीं. एका माणसाच्या आयुष्यावरून शास्त्र सिद्ध होत नाहीं हें खरें. पण ज्या काळीं त्यांना रोग जडला त्या काळच्या मुलांपैकीं किती जणांनीं साठीहि गांठली नाहीं हें ध्यानांत घेतलें म्हणजे या आयुष्याकडे दुर्लक्ष करवत नाहीं.

त्यांच्या पद्धतीचा गाभा वैद्यकापेक्षां अंकगणिताचा अधिक आहे. मराठी मध्यमवर्गी घरांतील दुपारचें साधें जेवण घ्यावें. तीस ग्रॅम कणकेची एक, अशा दोन पोळ्या. त्यांत सुमारें ४० ग्रॅम पिष्ट. वाटीभर भात, तेहि ४०. आमटींत १२ आणि बटाट्याच्या भाजींत १३ धरलें तर बेरीज १०५. आतां हा अदमास कधींहि बरोबर येत नाहीं. पोळी कधीं जाड असते, वाटी कधीं शिगोशीग भरते. छापील डब्यांवरील आंकड्यांतसुद्धां अमेरिकेंत शेंकडा २० चूक चालवून घेतली जाते. तेव्हां शेंकडा २० चूक धरली तर १०५ मध्यें ती २१ ग्रॅमची, आणि ग्रॅमास ५ या दरानें १०५ मिलिग्रॅमची. म्हणजे जेवणानंतर साखर १२० यावी असा बेत केला तर ती २२५ येईल किंवा १५ येईल. पंधरा म्हणजे बेशुद्धि, आणि कदाचित् मृत्यु. हेंच जेवण १२ ग्रॅम पिष्टाचें असेल तर शेंकडा २० ची चूक अडीच ग्रॅमांची सुद्धां नाहीं, आणि साखर इकडे तिकडे होईल ती बारा मिलिग्रॅमनें.

इन्शुलिनच्या पारड्यांतहि हेंच गणित लागतें. टोचलेलें सगळें इन्शुलिन रोज सारख्याच गतीनें रक्तांत शिरत नाहीं. तीच मात्रा, तीच जागा, तरी परिणामांत शेंकडा २५ चा फरक सहज पडतो, आणि मात्रा जितकी मोठी तितका हा लहरीपणा अधिक जाचक. दहा ग्रॅम पिष्टास एक युनिट हा दर उदाहरणापुरता मानला (हा दर माणसागणिक, आणि एकाच माणसांत सकाळ-संध्याकाळ, निराळा असतो), तर पहिल्या जेवणास साडेदहा युनिट लागतात आणि फरक पडतो तो अडीच युनिटांहून अधिक, म्हणजे सुमारें १३० मिलिग्रॅमचा. दुसऱ्या जेवणास एक युनिट व थोडें वर. त्यांत फरक पडून पडून १५ मिलिग्रॅमचा. चूक टाळतां येत नाहीं, पण ती लहान करतां येते. बर्नस्टाइन स्वतः दिवसाकाठीं ३० ग्रॅमच पिष्ट घेत. न्याहारीस ६, आणि दोन जेवणांस बारा-बारा. सकाळचा वांटा लहान कां, तर पहांटेच्या सुमारास शरीरांतील दुसरीं द्रव्यें यकृतांतून साखर सोडवूं लागतात आणि इन्शुलिनचा जोर मोडतात, त्यामुळें सकाळीं तेंच अन्न अधिक चढतें.

हें साखर सांभाळणें कशासाठीं, असें कोणी विचारील तर त्याचें उत्तर १९९३ सालीं मिळालें आहे. अमेरिका व कॅनडा येथील १,४४१ पहिल्या प्रकारच्या मधुमेह्यांवर झालेल्या मोठ्या प्रयोगांत, ज्यांची साखर काटेकोर राखली गेली त्यांच्यांत नव्यानें डोळ्यांचा पडदा बिघडण्याचा धोका शेंकडा ७६ नें कमी आढळला. पण त्याच प्रयोगांत, जेवण नेहमींसारखें ठेवून इन्शुलिनच्या जोरावर साखर दाबल्यामुळें, साखर एकदम उतरून दुसऱ्याची मदत लागण्याचे प्रसंग तिपटीनें वाढले. काटेकोरपणा हवा तर धोका पत्करावा, असा हा पेंच होता. कमी पिष्टाच्या बाजूचे लोक म्हणतात कीं पेंच साखर दाबण्यांत नाहीं, मोठ्या मात्रेंत आहे.

त्यांच्या बाजूचा पुरावा अद्याप अपुरा आहे हें स्पष्ट सांगितलें पाहिजे. २०१८ सालीं "पीडिॲट्रिक्स" या अमेरिकन नियतकालिकांत बर्नस्टाइन यांच्या पद्धतीनें चालणाऱ्या ३१६ पहिल्या प्रकारच्या मधुमेह्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांत लहान मुलेंहि पुष्कळ होतीं. त्यांचें पिष्ट दिवसाला सरासरी ३६ ग्रॅम, आणि तीन महिन्यांची सरासरी दाखविणारी एचबीएवनसी परीक्षा सरासरी ५.६७, म्हणजे जवळजवळ निरोगी माणसाइतकी. वर्षभरांत मधुमेहामुळें रुग्णालयांत जावें लागलेले लोक शेंकडा दोनच्या आसपास. आंकडे थक्क करणारे खरे, पण हे लोक स्वतः निवडून आलेले, हौशी आणि शिस्तीचे. ज्यांना ही पद्धत झेपली नाहीं ते पाहणींत नाहींत. चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडलेला, पुष्कळ वर्षें चाललेला मोठा प्रयोग पहिल्या प्रकारांत झालेला नाहीं. मुलांच्या वाढीबद्दल आणि रक्तांतील कोलेस्टेरॉलबद्दल पुष्कळ डॉक्टर शंका घेतात, आणि ती शंका गैर नाहीं. दुसऱ्या प्रकाराविषयीं मात्र बरेंच एकमत झालें आहे. अमेरिकन डायबेटिस असोसिएशननें २०१९ सालच्या आहारविषयक अहवालांत, साखर सुधारण्याच्या बाबतींत एकंदर पिष्ट कमी करण्यास सर्वांत अधिक पुरावा आहे, असें नमूद केलें.

आतां आपलें ताट. भारतांत दिवसाच्या एकंदर उष्मांकांपैकीं शेंकडा ६२ पिष्टांतून येतात, असें उपर्युक्त देशव्यापी पाहणीच्याच पुढील भागांत दिसून आलें. म्हणजे येथें तीस ग्रॅम ही पायरी पुष्कळांस गांठतां येणार नाहीं, आणि सर्वांनीं ती गांठलीच पाहिजे असेंहि नाहीं. निम्म्यानें उतरलें तरी इन्शुलिनची मात्रा आणि चुकांचें मान दोन्ही निम्म्यानें उतरतात. गणित प्रत्येक पायरीवर सारखेंच लागू आहे.

आपल्या घरांतील कांहीं समजुती मात्र या गणितापुढें टिकत नाहींत. भात बंद केला आणि ज्वारीची भाकरी सुरू केली म्हणजे पथ्य झालें, ही त्यांतली पहिली. साठ ग्रॅम पिठाच्या एका भाकरींत चाळीस ग्रॅमच्या आसपास पिष्ट असतें. तें भातापेक्षां कांहींसें सावकाश उतरतें इतकाच लाभ. भाकरी वाईट नव्हे, पण इन्शुलिनच्या हिशेबांत ती फुकट नाहीं. गुळाची गोष्टहि तशीच. तो साखरेचाच भाऊ. डाळीला आपण प्रथिनांचें अन्न म्हणतों, पण शंभर ग्रॅम कोरड्या डाळींत प्रथिनें २२-२४ ग्रॅम आणि पिष्ट साठीच्या घरांत. पण सर्वांत मोठी फसगत उपवासाच्या दिवशीं होते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, शंभरांत ८५ हून अधिक. एकादशीच्या दिवशीं ज्यानें पोट हलकें ठेवावयाचें तो मधुमेही दोन बशा खिचडी खातो आणि दुसऱ्या दिवशीं साखर कां चढली म्हणून देवास विचारतो. उपवास मोडूं नये असें वाटणारास दहीं, भाजलेले शेंगदाणे, ओलें खोबरें, काकडी, घरचें पनीर यांवर दिवस काढतां येतो. आणि इन्शुलिन घेणारानें उपवासापूर्वीं मात्रेचा विचार डॉक्टरांशीं करावयाचाच.

उरतें काय, तर पुष्कळ. मेथी, चाकवत, अंबाडी, पालक, दोडका, पडवळ, दुधी, भेंडी, वांगीं, कोबी, फ्लॉवर या भाज्यांत पिष्ट थोडें आणि चोथा भरपूर, आणि चोथ्याची साखर होत नाहीं. मासे खाणाऱ्या कोंकणी आणि गोमंतकी घरांना तर हें पथ्य निम्में घरचेंच आहे. बांगड्यांत आणि सुरमईंत पिष्ट नाहीं, सोलकढींत नांवापुरतें. अंड्यांत अर्धा ग्रॅम. अडचण शाकाहारी घरांची, आणि ती खरी अडचण आहे. पनीर, दहीं, शेंगदाणे, तीळ, सोयाबीन यांवर भार द्यावा लागतो. बदामाच्या पिठाच्या पोळ्यांची शिफारस करणारांनीं बहुधा बदामाचा भाव विचारलेला नसतो. गृहिणींचाहि विचार येथें व्हावा. एका माणसासाठीं निराळा स्वयंपाक रोज दोन वेळां रांधणें ही लहान गोष्ट नव्हे. त्यापेक्षां भाजी-आमटी सर्वांना तीच ठेवून मधुमेह्याच्या ताटांत भाजी दुप्पट आणि पोळी अर्धी वाढणें सोपें पडतें. दूध मात्र मोजून द्यावें, पेलाभर दुधांत दहा ग्रॅम साखर जन्मतःच असते.

प्रथिनांचाहि कांहीं भाग यकृतांत साखरेंत रूपांतर पावतो, पण सावकाश, तीन-चार तासांत. म्हणून केवळ पनीर-भाजीच्या जेवणाला अगदीं शीघ्र चालणारें नवें इन्शुलिन कधीं कधीं अवेळीं पडतें: अन्नाची साखर यायच्या आधींच तें जोरांत येतें. जुनें, साधें इन्शुलिन, जें अर्ध्या तासानें सुरू होऊन सहा-आठ तास रेंगाळतें, तें अशा जेवणास अधिक जुळतें, असें बर्नस्टाइन यांचें मत होतें. मूत्रपिंड आधींच बिघडलें असेल तर प्रथिनें किती घ्यावीं हें डॉक्टरांनींच ठरवावें.

आतां सर्वांत धोक्याची जागा. कोणी हें ऐकून उद्यांपासून भात-पोळी सोडली आणि इन्शुलिन पूर्वींइतकेंच टोचलें, तर त्याची साखर पहिल्याच दुपारीं धोक्याच्या खालीं जाईल. पिष्ट ज्या जेवणापासून कमी होणार, मात्राहि त्याच जेवणापासून कमी झाली पाहिजे, आणि ती किती हें आधीं डॉक्टरांशीं बसून ठरलें पाहिजे. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या, स्वादुपिंडास चेतवणाऱ्या गोळ्यांनाहि हेंच लागू. उलट बाजूची चूकहि तितकीच घातक: जेवण कमी झालें म्हणून पहिल्या प्रकारच्या रोग्यानें दीर्घकाल चालणारें मूळ इन्शुलिनच बंद केलें, तर रक्तांत आम्लें सांचून एक-दोन दिवसांत जीव धोक्यांत येतो. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या वर्गांतील, लघवीवाटे साखर काढणाऱ्या गोळ्या चालू असतां पिष्ट फार तोडलें तर हाच आम्लविकार रक्तांतील साखर फारशी चढलेली नसतांनाहि होऊं शकतो, आणि यंत्राचा आंकडा पाहून घरचीं माणसें निर्धास्त राहतात. ओकारी, पोटदुखी, धाप लागणें अशीं लक्षणें दिसलीं तर आंकड्याकडे न पाहतां रुग्णालय गांठावें. गरोदर स्त्रिया आणि वाढतीं मुलें यांच्या बाबतींत तर घरच्या घरीं असा प्रयोग करूंच नये.

साखर ७० च्या खालीं उतरली, हात थरथरूं लागले, घाम सुटला, बोलणें अडखळूं लागलें, कीं मराठी घरांत प्रथम हात जातो तो पेढ्याच्या किंवा लाडवाच्या डब्याकडे. हा डबा अशा वेळीं चुकीचा. तुपा-खव्यानें साखरेचें उतरणें मंदावतें, आणि येथें मिनिटें मोलाचीं असतात. पंधरा ग्रॅम ग्लुकोजची पूड पाण्यांतून द्यावी. ती नसली तर तीन चमचे साखर. पंधरा मिनिटांनीं पुन्हां मोजावें, आणि अद्याप ७० च्या वर आली नसेल तर तितकीच पुन्हां द्यावी. घाबरून अर्धी वाटी साखर चारल्यानें पुढचे सहा तास ती ३०० वर राहते, आणि मग ती उतरवण्यासाठीं पुन्हां सुई. शुद्ध हरपली असेल तर तोंडांत कांहींहि घालूं नये. ग्लुकॅगॉनचें औषध घरांत असलें तर तें द्यावें आणि रुग्णालयांत न्यावें. हें औषध यकृतांतील सांठलेली साखर मोकळी करतें. पिष्ट अगदीं कमी खाणाऱ्याचा तो सांठाच लहान असतो, त्यामुळें त्याच्या बाबतींत केवळ त्यावर विसंबून वाट पाहत बसूं नये.

मात्रा लहान झाल्या म्हणजे मोजमाप बारीक लागतें. वीस युनिटांत अर्ध्या युनिटाचा फरक कोणास कळत नाहीं. दोन युनिटांत तो पाव हिस्सा होतो. म्हणून अर्ध्या युनिटाच्या खुणांची पिचकारी किंवा पेन अशा रोग्यास उपयोगी पडतें. भारतांत याहून एक मोठा घोटाळा होतो. बाटलींतील इन्शुलिन येथें बहुधा मिलिलिटरला ४० युनिटांचें मिळतें, आणि पेनमधील १०० युनिटांचें. पिचकाऱ्याहि दोन जातींच्या. चाळिसाची लाल टोपीची, शंभराची नारिंगी. शंभराच्या पिचकारींत चाळिसाचें औषध दहाच्या खुणेपर्यंत भरलें तर अंगांत जातात चार युनिट. चाळिसाच्या पिचकारींत शंभराचें औषध दहाच्या खुणेपर्यंत भरलें तर जातात पंचवीस. दुकानदारानें नवी बाटली दिली कीं तिच्यावरचा आंकडा आणि टोपीचा रंग, दोन्ही घरीं आल्यावर उजेडांत ताडून पाहावे, आणि मगच सुई भरावी.